कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट आणि जुनी गाडी

इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना असलेल्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत जी लांब पोकळ नळी फिरत असते, तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. जॉइंटच्या आतल्या चार भुजांच्या तुकड्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल वरखाली झाला की शाफ्टचा कोन बदलतो, तो बदल क्रॉस सांभाळतात. त्याच वेळी शाफ्टची लांबीही थोडी कमीजास्त व्हावी लागते, ते काम स्प्लाइनचा सरकता जोड करतो. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना मोटारीसाठीच्या अशा जॉइंटचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. पुढची ऐंशी वर्षे नळी पोलादाचीच राहिली. ती कार्बन फायबरची करून जुन्या गाडीला बसवण्याची हौस आता जगभर दिसते. या बदलातून खरोखर काय मिळते आणि त्यासाठी काय जपावे लागते, याचा हा आढावा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न काही मोजक्या परदेशी स्पोर्ट्स कारपुरता नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची ओळख असलेली प्रीमियर पद्मिनी, १९८५ नंतरची ११८ एनई, पुण्याची टाटा सिएरा, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्रची जीप, या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. यातल्या फियाटने एकेकाळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीही गाजवल्या. उलट गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी दिसायला पक्की स्पोर्ट्स कार, पण तिचे इंजिन पुढच्या चाकांना जोर देते. तिला प्रोपेलर शाफ्टच नाही आणि हा प्रश्न तिला लागूही होत नाही.

माणदेशात तर प्रोपेलर शाफ्ट रोजच्या पाहण्यातला. सातारा–दहिवडी–म्हसवड–पंढरपूर रस्त्यावर आणि तिथून आटपाडी, जतकडे फुटणाऱ्या वाटांवर वर्षानुवर्षे वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याने चालणाऱ्या, जीप आणि ट्रॅक्स धावल्या. शंभू महादेवाच्या डोंगररांगेतले चढउतार, मुरमाचे रस्ते आणि आसनांपेक्षा जास्त माणसे, हे सगळे त्या पोलादी नळीने आणि तिच्या क्रॉसने पेलले. जॉइंट खडखडू लागला की नवा क्रॉस ठोकायचा, निप्पलमधून ग्रीस भरायचे आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. कार्बन फायबरच्या शाफ्टला मोजायचे ते या पोलादी शाफ्टसमोर.

मोटारीच्या शाफ्टमध्ये हा पदार्थ आला तो शर्यतीच्या मैदानातून नव्हे, तर मालवाहू गाडीतून. १९८५ मध्ये फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनला स्पायसर जॉइंट बनवणाऱ्या डाना कंपनीने मिश्र पदार्थाचा शाफ्ट दिला. १९८८ मध्ये रेनोच्या एस्पास क्वाद्रा या चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत कार्बनचा शाफ्ट आला. त्यानंतर निस्सानची ३५० झेड, माझदाची आरएक्स-८, अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी-९, निस्सान जीटी-आर अशी खऱ्या स्पोर्ट्स कारची रांग लागली. या क्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हॅन बनवणाऱ्याला शाफ्ट नुसता हलका हवा होता असे नाही; त्याला लांब गाडीचा दोन तुकड्यांचा शाफ्ट एका तुकड्यात हवा होता. कार्बन शाफ्टचे खरे मर्म तिथेच आहे, आणि विक्रीच्या जाहिरातीत नेमके तेच मागे पडून वजनाची आकडेवारी पुढे येते.

म्हणून आधी वजनाचा हिशेब करून टाकलेला बरा. ७६ मिलिमीटर व्यासाची आणि १.६५ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरमागे सुमारे ३ किलो भरते. त्याच व्यासाची, पण साडेतीन मिलिमीटर जाडीची कार्बन नळी मीटरमागे सव्वा किलोच्या आसपास. नळी १.३ मीटर लांब धरली तर बचत होते २.३ किलो. टोकाचे योक, क्रॉस, फ्लँज धातूचेच राहतात, त्यांचे वजन फारसे उतरत नाही. दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एक तुकडा बसवला तर मधला जॉइंट, सेंटर बेअरिंग आणि त्याचा ब्रॅकेटही जातो. तेव्हा बचत चार-पाच किलोपर्यंत जाऊ शकते. पद्मिनीसारख्या नऊशे किलोच्या गाडीत हा फरक अर्ध्या टक्क्याचा.

यावर असे उत्तर मिळते की हे वजन फिरते आहे, म्हणून त्याचा परिणाम कितीतरी पटींनी मोठा. तेही तपासून पाहता येते. फिरत्या वस्तूचे जडत्व वजनावर जितके अवलंबून असते त्याहून जास्त ती अक्षापासून किती दूर आहे यावर असते, आणि शाफ्टची नळी अक्षापासून जेमतेम पावणेचार सेंटिमीटर दूर आहे. वर धरलेल्या दोन नळ्यांच्या जडत्वातला फरक निघतो ०.००३३ किलो-मीटर वर्ग. डिफरन्शिअलचे गुणोत्तर ४.१ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरून तो गाडीच्या वजनात उतरवला, तर येतात सुमारे ६०० ग्रॅम. म्हणजे २.३ किलोची बचत फार तर ३ किलोसारखी भासेल. फ्लायव्हील हलका केल्यावर इंजिन जसे झटकन आवाज चढवते, तसा अनुभव शाफ्ट बदलून येत नाही. गाडी पळायला किती वेळ घेते यात मोजता येईल असा फरक हवा असेल, तर हलकी चाके आणि हलके टायर याहून कितीतरी स्वस्तात तो देतात. ते अक्षापासून दूर आहेत आणि चार आहेत.

मग कार्बन कशासाठी? उत्तर आहे क्रांतिक गती. कुठलीही लांब नळी दोन टोकांवर फिरवली की एका ठराविक फेऱ्यांना तिचा मधला भाग बाहेर फेकला जाऊ लागतो. शाफ्ट उडीच्या दोरीसारखा फुगतो, गाडीचा तळ थरथरतो आणि तसेच रेटले तर नळी वाकते किंवा जॉइंट तुटतो. ही गती नळीचा व्यास वाढला की त्याच प्रमाणात वाढते, पण लांबी वाढली की वर्गाच्या प्रमाणात घटते. लांबी दुप्पट झाली तर क्रांतिक गती चौथ्या हिश्श्यावर येते. उरलेली बाब पदार्थाची. पदार्थ किती ताठ आणि त्या मानाने किती हलका, यावर ती ठरते.

इथे एक नवल आहे. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, आणि जडही तिप्पटच. त्यामुळे एकाच व्यासाच्या पोलादी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची क्रांतिक गती जवळपास सारखीच येते. अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट हलका असतो, पण तो जास्त गतीला चालवायचा तर व्यास वाढवावा लागतो, आणि जुन्या गाडीच्या बोगद्यात तेवढी जागा नसते. कार्बन मात्र हे गणित मोडतो. तंतू बहुतांश नळीच्या लांबीला समांतर ठेवले तर त्याच व्यासात क्रांतिक गती सुमारे दीडपट होते.

७६ मिलिमीटर व्यासाची, दीड मीटर लांबीची पोलादी नळी साधारण मिनिटाला ५,६५० फेऱ्यांना क्रांतिक गती गाठते. सुरक्षिततेसाठी त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच जायचे असे धरले, तर मर्यादा ३,९५० फेऱ्यांची. वरचेच गुणोत्तर आणि वरचीच चाके घेतली तर ताशी १०० किलोमीटरला शाफ्ट ३,६२५ फेरे मारतो. म्हणजे ही नळी ताशी १०९ किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. म्हणूनच लांब गाड्यांत दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग बसवतात, आणि लांब चेसिसच्या बस-ट्रकमध्ये तीन तुकडेही असतात. हीच दीड मीटरची नळी कार्बनची केली तर क्रांतिक गती सुमारे ८,२०० फेऱ्यांवर जाते आणि गाडीची मर्यादा ताशी १५५ ते १६० किलोमीटरवर. जॉइंट आणि रबरी आधार थोडेफार लवचीक असल्याने प्रत्यक्षातले आकडे याहून काहीसे खालीच राहतात, पण प्रमाण बदलत नाही.

आता याच मापाने जुन्या गाड्यांकडे पाहिले की निवड सोपी होते. जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन बरेच मागे सरकवलेले असते आणि दोन चाकांमधले अंतर थोडे. तिथे शाफ्ट मुळातच आखूड असतो. एमजी-बीसारख्या गाडीत तो मीटरभरही नाही. मीटरभर लांबीच्या पोलादी नळीची क्रांतिक गती बारा हजारांच्या वर जाते, आणि त्या काळातल्या अशा गाड्यांचे इंजिन तिथवर पोचत नाही. महिंद्रच्या आखूड जीपचेही तसेच. ताशी ८० किलोमीटरला तिचा शाफ्ट मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. अशा गाडीला कार्बनचा शाफ्ट म्हणजे जी अडचण नव्हतीच तिच्यावरचा खर्च.

खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. पहिले म्हणजे दोन तुकड्यांचा शाफ्ट असलेली जुनी सलून गाडी, जिचे सेंटर बेअरिंग आणि त्याभोवतीचे रबर पुन्हा पुन्हा खराब होते आणि मूळ सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. दुसरे म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेली गाडी. जुन्या चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स आला की शाफ्टची लांबी बदलते. शिवाय पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा असेल, तर शाफ्ट इंजिनापेक्षाही जोरात फिरू लागतो. नवा शाफ्ट मापाने करून घ्यावाच लागणार असेल, तर कार्बनचा विचार करायला ती योग्य वेळ. माझदाच्या आरएक्स-८ चे इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत जात असे. अशा गाडीत कार्बन शाफ्ट ही चैन राहत नाही, गरज होते.

नळी तयार होते ती साच्यावर तंतू गुंडाळून. इपॉक्सी राळेत भिजलेले कार्बनचे तंतू वेगवेगळ्या कोनांत थरावर थर चढवतात आणि भट्टीत पक्के करतात. लांबीला समांतर थर नळीला ताठपणा देतात. पंचेचाळीस अंशांत आडवेतिडवे गेलेले थर पीळ सोसतात. काटकोनातले थर नळी चेपू देत नाहीत. म्हणून कार्बनची नळी विकत घेताना व्यास आणि जाडी विचारून भागत नाही, थर कसे आहेत तेही विचारावे लागते. शोभेच्या पट्टीसाठी विणलेल्या कापडाची चकचकीत नळी आणि शाफ्टची नळी यांचा एकमेकींशी संबंध नाही.

हे तंत्र साताऱ्याला अगदीच परके नाही. जिल्ह्यातल्या वनकुसवडे–चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती याच तत्त्वावर, बहुतांशी काचतंतू आणि राळेपासून, बनतात. गोव्यातली किनेको कंपनी कार्बनचे भाग विमान आणि अवकाश उद्योगासाठी बनवते. ज्ञान जवळपासच आहे. ते गाडीच्या कारागिरापर्यंत अजून पोचायचे आहे.

कार्बन शाफ्टमधली सर्वात नाजूक जागा नळी नव्हे, तिचा धातूशी होणारा सांधा. पोलादी नळीला योक वेल्ड करतात. कार्बनला वेल्डिंग चालत नाही. योकची धातूची बाही नळीच्या आत बसवून गोंदाने चिकटवतात, काही बनावटींत खाचा पाडून दाबून बसवतात किंवा पिना घालतात. पद्मिनीचे इंजिन सुमारे ७० न्यूटन-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन-चार पटींनी वाढून अडीचशेच्या पुढे जातो, आणि चढावर क्लच झटक्याने सोडला तर क्षणभर त्याच्याही दोन-तीन पट होतो. माणदेशातल्या शिंगणापूरच्या घाटात भरलेली गाडी थांबवून पुन्हा चढवताना हा झटका रोजचाच. सांधा इंजिनाच्या आकड्यावर नव्हे, या झटक्यावर बेतलेला असावा. दुसरी काळजी गंजाची. कार्बन वीजवाहक असल्याने ओलाव्यात तो अ‍ॅल्युमिनियमला चिकटून राहिला तर अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजतो. चांगल्या शाफ्टमध्ये दोहोंमध्ये काचतंतूचा पातळ थर घालून हा स्पर्श तोडलेला असतो. तो आहे की नाही, हे बनवणाऱ्याला स्पष्ट विचारावे.

बसवण्याचे काम मापापासून सुरू होते. गाडी लिफ्टवर चाके लोंबकळत ठेवून नव्हे, तर स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या उंचीला उभी करून गिअरबॉक्सच्या सीलपासून डिफरन्शिअलच्या फ्लँजपर्यंतचे अंतर घ्यावे. मग अ‍ॅक्सल वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला नेऊन तेच अंतर पुन्हा मोजावे. स्प्लाइनला दोन्ही बाजूंना सरकायला जागा उरली पाहिजे. ती उरली नाही, तर मोठ्या खड्ड्यात शाफ्ट थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आदळतो. पोलादी शाफ्ट चुकला तर लेथवर कापून पुन्हा वेल्ड करता येतो. कार्बनच्या शाफ्टला ही सवलत नाही. चुकीच्या मापाचा कार्बन शाफ्ट टाकून द्यावा लागतो.

कोनांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, आणि बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात. साधा क्रॉसचा जॉइंट कोनात चालला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. पुढचा आणि मागचा जॉइंट सारख्याच कोनात असतील आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर एकाने केलेली चढउतार दुसरा काढून टाकतो. दोन तुकड्यांच्या जागी एक तुकडा आला की हे कोन बदलतात. मधल्या जॉइंटने वाटून घेतलेला कोन आता दोघांवरच येतो. जोरात फिरणाऱ्या शाफ्टसाठी तीन अंशांच्या आत राहणे चांगले. कोन अगदी शून्य असणेही बरे नाही, कारण मग क्रॉसमधल्या सुया एकाच जागी बसून खाच पाडतात. अर्धा-एक अंश हवाच. गिअरबॉक्सखालच्या रबरी माउंटिंगला पातळ पट्ट्या लावून किंवा अ‍ॅक्सलच्या पाट्यांखाली पाचर घालून हे जुळवतात. जुने, बसलेले माउंटिंग तसेच ठेवून नवा शाफ्ट घालणे हा फुकट गेलेला खर्च. थरथर तशीच राहते आणि दोष शाफ्टच्या माथी येतो.

जागेचाही प्रश्न असतो. कार्बनची नळी पोलादीपेक्षा जाड असू शकते, बोगद्यात तिच्या भोवती सर्व बाजूंनी बोटभर मोकळीक राहावी. हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी यांपैकी काही घासत नाही हे अ‍ॅक्सल वर दाबून पाहावे. सायलेन्सरची नळी शेजारून जात असेल तर उष्णता अडवणारा पत्रा लावणे अनिवार्य. साधी इपॉक्सी शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि सायलेन्सरची नळी त्याच्या कितीतरी वर तापते. पुढच्या जॉइंटजवळ चेसिसला पक्के बांधलेले पोलादी कडे असावे, म्हणजे जॉइंट तुटला तरी शाफ्टचे टोक जमिनीवर पडत नाही. अनेक शर्यतींत हे कडे सक्तीचे असते. रस्त्यावरच्या गाडीतही ते असायलाच हवे.

बॅलन्सिंगमध्ये कार्बनचे वेगळेपण पुन्हा दिसते. पोलादी शाफ्टवर छोटे वजन वेल्ड करून तोल साधतात. कार्बनवर ते टोकाच्या धातूच्या भागावरच लावावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रमाणात साध्या कार्डन शाफ्टला जी-४० आणि जास्त काटेकोर कामाला जी-१६ हा दर्जा सांगितला आहे. सात किलोच्या शाफ्टला ५,००० फेऱ्यांवर जी-१६ पाळायचा, तर नळीच्या पृष्ठभागावर मोजता एकूण असमतोल साडेपाच ग्रॅमच्या आसपासच चालतो. यावरून एक साधी गोष्ट उमगते. पावसाळ्यात माणगंगेकाठची काळी चिकण शाफ्टला एका बाजूने चिकटून वाळली, तर तेवढ्यानेही तोल जातो. थरथर सुरू झाली की आधी शाफ्ट धुऊन पाहावा.

आणि रस्ता? माणसारख्या पर्जन्यछायेच्या मुलखात चिखलाचे दिवस थोडे, धुळीचे आणि उडत्या खडीचे जास्त. पोलादी नळीवर दगड आपटला तर पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनच्या नळीवर आपटला तर वरून नुसता ओरखडा दिसेल आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतील. ओळखण्याची साधी पद्धत म्हणजे नाण्याने नळीवर सगळीकडे टकटक करून ऐकणे. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. तसा आवाज आला तर शाफ्ट काढून ठेवावा. कार्बन शाफ्टखाली जॅक लावू नये आणि गाडी ट्रकवर बांधताना त्याला दोरी-साखळी घालू नये, हेही प्रत्येक हेल्परला सांगून ठेवावे लागते. तुटण्याच्या बाबतीत मात्र कार्बन बरा. पोलादी नळी मधून तुटली तर तिचे टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते; कार्बनची नळी बहुधा तंतूंच्या झुपक्यात विस्कटते आणि तिचा भाला होत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा दुर्गम भागासाठी निर्णायक आहे. सातारा-सांगलीची कारागिरी लोखंडावर वाढली. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आणि साताऱ्याचा कूपरचा कारखाना, दोन्हींनी आधी नांगर घडवले. त्या परंपरेतून आलेले लेथ आणि वेल्डिंग तालुक्याच्या गावी आजही आहे आणि वाकलेला पोलादी शाफ्ट एका दिवसात सरळ होतो. कार्बनचा शाफ्ट बिघडला तर गाडी पुणे-मुंबईकडून किंवा परदेशातून भाग येईपर्यंत उभी. रोजच्या पोटापाण्याच्या गाडीला, मग ती वडापची असो की बाजाराची, पोलादी शाफ्टच योग्य. फार तर तो नव्या नळीचा, चांगल्या क्रॉसचा आणि नीट बॅलन्स केलेला असावा. हौसेच्या, जपून चालवल्या जाणाऱ्या गाडीचा विचार वेगळा. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही कार्बन हा अंतिम शब्द वाटत नाही. बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम-३ आणि एम-४ मध्ये कार्बन शाफ्ट दिला आणि २०१७ मध्ये, धूर गाळणाऱ्या नव्या फिल्टरला जागा करण्यासाठी, कंपनी पुन्हा पोलादावर आली.

कायद्याच्या बाजूने हा बदल इंजिन बदलण्याइतका अवघड नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कडकपणे सांगितले. प्रोपेलर शाफ्टची नोंद प्रमाणपत्रात नसते. तरीही एमएच-११, एमएच-१० किंवा एमएच-५० च्या आरटीओ कार्यालयात पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी नेताना शाफ्टची पावती आणि बनवणाऱ्याचे पत्र जवळ असावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. इंजिनच बदललेले असेल तर प्रश्न निराळा, तिथे परवानगी आधी.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंद करायची, तर २०२१ च्या नियमांनुसार ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांतही परीक्षक मूळपणालाच गुण देतात. म्हणून काढलेला पोलादी शाफ्ट भंगारात घालू नये. काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर जुळणीच्या खुणा करून, स्प्लाइनला ग्रीस लावून, टोके प्लास्टिकने बांधून तो भिंतीला दोन-तीन आधारांवर आडवा ठेवावा. कार्बनच्या शाफ्टचे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, आणि दर सर्व्हिसिंगला क्रॉस आणि सांध्याची कड तपासावी, नळी नाण्याने वाजवून पाहावी.